तुमच्या रागाचा रिमोट कुणाकडे?

स्पाय थ्रिलर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? भारी गाड्या, गॅजेट्स, छतांवरून उड्या आणि शेवटी हीरोनं घेतलेला बदला. बरोबर? मग या वीकेंडला जरा वेगळं काही वाचा. जॉन ल कारेची १९६३ची कादंबरी, ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’. इथला हीरो चकाचक नाही. तो थकलाय, वैतागलाय.

गोष्ट सुरू होते बर्लिनमध्ये. १९६१मध्ये शहरात भिंत उभी राहिलेली. ब्रिटिश गुप्तहेर ॲलेक लीमस पश्चिमेकडच्या चौकीत त्याच्या माणसाची वाट बघतोय. तो माणूस सायकल घेऊन येतो आणि लीमसच्या डोळ्यांदेखत गोळ्या खाऊन पडतो. यामागे असतो पूर्व जर्मनीच्या हेरखात्यातला मुंट.

लंडनमधला बॉस लीमसला विचारतो, मुंटचा काटा काढायचाय? लीमस लगेच तयार. मग सुरू होतं नाटक. नोकरी गेली, दारू वाढली, उधार न देणाऱ्या दुकानदाराला मारलं, तुरुंगवारी झाली. असा ‘वाया गेलेला’ माणूस शत्रू विकत घेणारच! पलीकडे मुंटच्याच हाताखालचा फीडलर त्याला डबल एजंट ठरवायला टपलेला. आता कोण नक्की कुणाचा? शेवट सांगत नाही, शिव्या घालाल.

हे सगळं हवेतलं नाही बरं का. ल कारेचं खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल. तो स्वतः ब्रिटनच्या ‘एमआय सिक्स’मध्ये होता. त्याच खात्यात वरच्या पदावर राहिलेला किम फिल्बी १९६३च्याच जानेवारीत बैरूतमधून गायब झाला आणि मॉस्कोत पोहोचला. तो कित्येक वर्षं सोव्हिएत रशियासाठी काम करत होता!

वाचायचा कंटाळा असेल तर रिचर्ड बर्टनचा १९६५चा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा आहे. पण बघताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. लीमसला वाटतं, सूड आपला आहे. प्लॅन मात्र दुसऱ्याचा असतो, आणि त्याला तो अर्धाच सांगितलेला असतो. रागावलेला माणूस फार प्रश्न विचारत नाही, हे बॉसला पक्कं ठाऊक असतं.

हे फक्त हेरांपुरतं नाही. उद्या ग्रुपवर, कॉलेजच्या राजकारणात किंवा एखाद्या मोर्च्यात कुणी तुमच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवून ‘जा, धडा शिकव’ म्हणालं, तर निघण्याआधी एवढंच विचारा, यातून ह्याला काय मिळणार?