ओ'क्लेरी (आडनाव)
ओ'क्लेरी हे आयर्लंडमधील एक प्राचीन आडनाव असून त्याचा अर्थ 'क्लेरेख या पुरुषाचा वंशज' असा होतो. इ.स. ९१६ मध्ये या नावाच्या एका सरदाराच्या मृत्यूची नोंद आढळत असल्याने ते युरोपातील सर्वांत जुन्या वंशपरंपरागत आडनावांपैकी एक मानले जाते. मूळच्या गॉलवे परगण्यातील या घराण्याची एक शाखा डोनेगॉलमध्ये इतिहासलेखक म्हणून नावारूपास आली. तेथील मायकेल ओ'क्लेरी यांच्या नेतृत्वाखाली १६३२ ते १६३६ या काळात आयर्लंडचा बृहत् इतिवृत्तसंग्रह सिद्ध झाला. पुढे इंग्रजी अमलात 'ओ' हा उपसर्ग गळाला. अल्स्टर प्रांतात अनेकांनी 'क्लार्क' हे इंग्रजी आडनाव स्वीकारले. मन्स्टर प्रांतात 'क्लिअरी' हे रूप टिकले आणि स्थलांतरितांबरोबर अमेरिका व ऑस्ट्रेलियात पोहोचले. त्यामुळे केवळ आजच्या आडनावावरून या कुळाचा विस्तार मोजता येत नाही.