सगळ्यांचा मोबाइल नंबर एकच कसा झाला?

मागच्या पावसाळ्यात एका सभासदाच्या आईसाठी रात्री बी निगेटिव्ह रक्त हवे होते. आम्ही मंडळाच्या संगणकावरची रक्तदात्यांची यादी उघडली. चार नावे मिळाली आणि चौघांसमोर एकच नंबर होता: २१४७४८३६४७. शेवटी कपाटातले जुने कागदी फॉर्म काढून फोन लावले. रक्त मिळाले, पण पाऊण तास गेला.

कागदी नोंदवहीच्या रकान्यात काहीही लिहिता येते. डेटाबेसमध्ये मात्र रकाना तयार करतानाच सांगावे लागते की त्यात आकडा येणार, मजकूर येणार की तारीख. आम्ही मोबाइलसाठी ‘इंट’, म्हणजे पूर्णांक, हा प्रकार निवडला होता. नंबर म्हणजे आकडाच, असे वाटले! मायएसक्यूएलमध्ये साध्या इंटची धाव २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंतच असते. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे आकडा म्हणून पाहिले तर ६०० कोटींच्या खाली एकही नाही. एकही नंबर त्या रकान्यात मावणारा नव्हता.

मग नोंद करतानाच अडले का नाही? आमचा सर्व्हर जुना होता. अशा वेळी ढिल्या पद्धतीने चालणारे मायएसक्यूएल फक्त इशारा देते, मावेल तो सर्वांत मोठा आकडा ठेवते आणि पुढे जाते. तो इशारा आमचा कोड वाचतच नव्हता. पडद्यावर ‘नोंद झाली, धन्यवाद’ असे यायचे. ५.७ आवृत्तीपासून कडक पद्धत आपोआप चालू असते. तिथे अशी नोंद सरळ नाकारली जाते. नाकारलेली नोंद त्या क्षणी त्रासदायक वाटते, पण निदान कळते तरी.

आता रकाना मजकुराचा, म्हणजे ‘व्हारचार’, केला आहे. ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही, तो मजकूर समजावा. इंदूरचा एसटीडी कोड ०७३१ आकड्याच्या रकान्यात ७३१ झाला होता, तोही त्यामुळेच. पुढचा शून्य परत लावता आला. पिनकोड तेवढे बचावले, कारण आपल्याकडे ते शून्याने सुरू होत नाहीत. मोबाइल मात्र रकाना बदलून परत येत नाहीत. मूळ नंबर कधी साठवलेच गेले नव्हते.

वयाच्या रकान्यात वेगळीच गंमत झाली. काही ज्येष्ठांनी देवनागरीत ‘६८’ लिहिले. पीएचपीला देवनागरी अंक आकड्यात बदलता येत नाहीत, त्यामुळे त्यांचे वय शून्य नोंदले गेले. पायथनला हे जमते, पण आमचा कोड पीएचपीत आहे. आता देवनागरी अंक आधी बदलून घेतो, आणि वयाऐवजी जन्मतारीख मागतो. आपण दिवस आधी लिहितो, मायएसक्यूएलला वर्ष आधी लागते. तीही उलटापालट कोडमध्येच केली आहे.

कागदी फॉर्म पाहून नंबर पुन्हा भरणे चालू आहे. ज्यांनी फॉर्म ऑनलाइनच भरला होता त्यांचा कागद आमच्याकडे नाही. अशा सभासदांनी रविवारी संध्याकाळी कार्यालयात येऊन नंबर द्यावा. रक्तदात्यांनी कृपया आधी यावे.