जुने अलॉय आणि गाडीचा हब

मारेगावाहून वणीकडे नित्य जाणाऱ्या मनुष्यास चाकाची परीक्षा कशी होते हे निराळे सांगावे लागत नाही. कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाठीवरील डांबरासही आपल्याबरोबर खाली-वर नेते. त्यात वणी परिसरातील खाणींच्या अवजड वाहतुकीची भर. अशा मुलखात, पहिल्या वेचणीचा पैसा हाती येताच गाडीला लोखंडी डिस्कऐवजी अलॉय बसवावेत, आणि नवे परवडत नसतील तर नागपूर-चंद्रपूरहून जुने आणावेत, ही इच्छा स्वाभाविक आहे व मी तिला नावे ठेवणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की चाकाची शोभा पुढील बाजूस असली तरी त्याची खातरजमा मागील बाजूस, जेथे ते हबला टेकते तेथे, करावयाची असते. आणि बहुतेक सौदे ती बाजू न पाहताच होतात.

नटांची छिद्रे ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास म्हणजे टायरवाल्यांच्या बोलीतील पीसीडी. चार छिद्रांच्या चाकात समोरासमोरील दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर मोजले की तो मिळतो. पाच छिद्रांत समोरासमोर छिद्रच नसल्याने लगतच्या दोन मध्यांतील अंतरास १.७ ने गुणावे, म्हणजे ५८.८ मिलिमीटर आल्यास १०० आणि ६७.२ आल्यास ११४.३. (हा शेवटचा आकडा मूळचा साडेचार इंचांचा.) मारुती स्विफ्टचा पीसीडी चार छिद्रांवर १००, तर रांजणगावी तयार झालेल्या फियाट पुंटोचा चार छिद्रांवरच ९८. दोन मिलिमीटरांचा हा फरक डोळ्यांस दिसत नाही, नट तिरपे ओढून चाक बसल्यासारखेही होते. परंतु त्या तिरपेपणाचा ताण प्रत्येक स्टडवर अहोरात्र राहतो, आणि स्टड तुटतो तेव्हा तो घरासमोर उभ्या गाडीचा तुटत नाही.

पीसीडी जुळला तरी काम संपत नाही. चाकाचे मधले भोक स्विफ्टचे ५४.१ मिलिमीटर, जुन्या होंडा सिटीचे ५६.१, त्यामुळे होंडाचे चाक स्विफ्टवर चढते पण सैल राहते व मध्ये योग्य मापाची रिंग घालावी लागते, उलट स्विफ्टचे चाक होंडावर चढतच नाही. नटांचेही तसेच: दोहोंचा स्टड १२ मिलिमीटरांचा असला तरी मारुतीच्या आट्यांतील अंतर १.२५ व होंडाचे १.५, शिवाय एकाच्या नटाची बैठक शंकूसारखी तर दुसऱ्याची गोलाकार. नट नेहमी गाडीच्या आट्यांचा आणि चाकाच्या बैठकीचा असावा.

म्हणून स्विफ्टच्या मालकास बलेनोची सोळा इंची चाके मिळाली तर तो सौदा मला अधिक समंजस वाटतो. पीसीडी एक, मधले भोक एक. आणि स्विफ्टच्या १८५/६५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ६२१.५ मिलिमीटर, तर बलेनोच्या १९५/५५ आर १६ चा ६२०.९, म्हणजे वेगाच्या काट्यास फरक जाणवू नये. मात्र टायरची बाजू १२० मिलिमीटरांवरून १०७ वर येते, आणि खड्ड्याचा तितका मार सरळ रिमवर बसतो. आमच्या रस्त्यांना पंधरा इंचच मानवतात, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचे अंतर) चाकाच्या पाठीवर 'ईटी' अक्षरांपुढे कोरलेला असतो. तो मूळ चाकापेक्षा फार कमी असल्यास चाक बाहेर येऊन मडगार्डला घासते व बेअरिंगवर भार वाढतो.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो चाकाच्या तब्येतीच्या तपासणीस. अलॉय हे बहुधा सिलिकॉनमिश्रित ॲल्युमिनियमचे ओतीव काम, उष्णतेच्या विशिष्ट संस्कारांनी कठीण केलेले. वाकलेले चाक भट्टीच्या आचेवर सरळ केले किंवा तडा वेल्डिंगने भरला की तेथील संस्कार नाहीसा होतो, वरून ताजा रंग देऊन ते नव्यासारखे दिसले तरीही. म्हणून टायर उतरवूनच चाक पाहावे, आतल्या कडेवर बोट फिरवावे, बॅलन्सिंगच्या मशीनवर रिकामे फिरवून डगमग पाहावी, आणि रंग संशयास्पद दाट असेल तेथे सौदा सोडावा. शिवाय कायद्याचेही भान हवे: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतील तपशिलाविरुद्ध फेरबदलास मनाई करते. तेव्हा कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापांतच राहणे शहाणपणाचे.

चाके बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, आणि वणीच्या दोन-तीन खेपांनंतर, शंभरेक किलोमीटर पुरे होताच, गाडी सावलीत उभी करून पाना पुन्हा एकदा प्रत्येक नटावर लावावा.