पतंगाची फळी घरच्या घरी : आधी संगणकावर, मग लाकडावर

मोठ्या पतंगाची ओढ कमरेच्या पट्ट्यावर घेऊन, पायाखालच्या फळीने पाणी कापत जाण्याच्या खेळाला काइटबोर्डिंग म्हणतात. फ्रान्सच्या ब्रुनो व डोमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ मध्ये हवा भरलेल्या पतंगाचे पेटंट घेतले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा एक प्रकार खेळला गेला. आपल्याकडे गोव्यात मोरजीला तो शिकविला जातो. पतंग घरी शिवणे जोखमीचे आहे. फळी मात्र सुतारकामाचा हात असलेल्या कोणालाही जमण्याजोगी आहे.

फळी दिसायला सपाट वाटते, पण ती लांबीत किंचित वाकलेली असते. हा बाक नसेल तर पुढचे टोक पाण्यात घुसते आणि स्वार तोंडावर पडतो. बाक फार झाला तर फळी पाणी ढकलत बसते, वेग धरत नाही. सारा खेळ या दोन-चार सेंटिमीटरांचा आहे. इपॉक्सी एकदा सुकल्यावर चूक सुधारता येत नाही, माल वाया जातो. म्हणून संगणकाचे काम आधी.

फ्रीकॅडसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर यासाठी पुरते. आपण उदाहरण घेऊ : लांबी १३६ सेमी, रुंदी ४१ सेमी, टोकाचा बाक ४ सेमी. आकाराचा पाव भाग काढून दोन्ही बाजूंनी आरशासारखा उलटवावा, म्हणजे डावे-उजवे तंतोतंत जुळते. आराखडा पूर्ण मापात छापताना त्यावर १०० मिमीची एक रेघ काढावी आणि छापील कागदावर ती पट्टीने मोजावी. रेघ ९८ भरली तर सारी फळी लहान होईल.

आता साच्याचा हिशेब. चिकटवलेले थर साच्यातून काढल्यावर थोडे सरळ होतात. समान जाडीच्या थरांची संख्या घ्या, तिचा वर्ग करा. बाकाचा तितकावा हिस्सा कमी होतो. दोन थर असतील तर चौथा हिस्सा जातो, तीन असतील तर नववा. म्हणून ४ मिमीच्या दोन थरांपेक्षा ३ मिमीचे तीन थर घ्यावेत आणि साच्याला ४.५ सेमी बाक द्यावा. सुटल्यावर ४ उरेल. मध्यापासून टोकापर्यंतच्या निम्म्या अंतरावर साच्याची उंची टोकाच्या चौथाई, म्हणजे सुमारे १.१ सेमी ठेवावी.

लाकूड कोणते? बर्च प्लायची अशी फळी सुमारे ३ किलो भरते. पावलोनिया निम्म्याहून हलके, पण मऊ. त्यावर काचकापड चढवावेच लागते. आपल्या बाजारात घ्यायचे तर आय.एस. ७१० शिक्क्याचे मरीन प्लाय पाहावे. साधे प्लाय पाण्यात थर सोडते.

थरांमध्ये इपॉक्सी लावून फळी प्लास्टिकच्या पिशवीत घालतात आणि हवा ओढून घेतात. यासाठी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसरही चालतो. सुमारे ५,००० चौरस सेमी फळीवर निम्मी हवा काढली तरी अडीच टनांचा दाब सर्वत्र सारखा पडतो. इतके काम शिकंज्यांनी होत नाही. इपॉक्सी कातडीला लागू देऊ नये. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा सुटत नाही. हातमोजे, घासताना मास्क आणि खेळती हवा हवीच.

शेवटी पायपट्ट्यांचे आटे बसवावेत. फळी बहुधा मधोमध मोडत नाही, तर इथूनच पाणी पिऊन कुजते. प्रत्येक भोक व कड इपॉक्सीने बंद करावी.

विक्रीचा विचार असेल त्यांना आमचे सांगणे असे की पहिली फळी विकू नये. दोन्ही टोकांखाली ठोकळे ठेवून मधोमध उभे राहावे, मग एक हंगाम ती पाण्यात वापरावी. किंमत ठरविताना प्लाय व इपॉक्सीबरोबर स्वतःची मजुरी आणि वाया गेलेला माल धरावा. किनाऱ्यापासून दूर फळी तुटली तर ग्राहकाच्या जिवावर बेतते. तो हिशेब पैशात होत नाही.