इंजिनाची फुंकणी

माझ्या वर्गाच्या कपाटात खडूचे खोके आणि गुंडाळलेले नकाशे यांच्याशेजारी एक वस्तू ठेवलेली आहे. मुठीएवढा, ॲल्युमिनिअमचा एक दट्ट्या. म्हणजे मोटारीच्या इंजिनातला पिस्टन. त्याच्या माथ्याला बोट जाईल एवढं भोक पडलंय आणि भोकाच्या कडा मेणबत्तीसारख्या वितळल्यात. नवीन मुलं आली की पहिला प्रश्न ठरलेला, "बाई, हे भोक कशानं पडलं?"

मी म्हणते, "जास्तीच्या हवेनं!" मुलं हसतात. तुम्हीही हसलात ना? मग ऐका तर.

तुमच्या आजीनं चूल पेटवताना फुंकणी वापरलेली पाहिली आहे का? धुमसणाऱ्या लाकडावर तिनं फुंकर घातली की जाळ भडकतो. लोहाराचा भाता हेच काम करतो. जाळाला जशी लाकडं लागतात, तशी हवाही लागते. मोटारीच्या इंजिनातही जाळच असतो. 1 किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. आता हवा ती किती हलकी! एवढ्या वजनाची हवा म्हणजे जवळजवळ 12,000 लिटर. गच्चीवरच्या 1,000 लिटरच्या बारा टाक्या भरतील एवढी!

इंजिन ही हवा आपली आपण ओढून घेतं. पिस्टन खाली गेला की हवा आत येते, आपण श्वास घेतो तशी. पण एका श्वासात मावून मावून किती मावणार? मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, ओढायची वाट कशाला पाहायची, फुंकणीनं हवा आत कोंबूया. हवा दीडपट गेली, तर पेट्रोलही दीडपट जाळता येईल आणि त्याच इंजिनातून कितीतरी जास्त ताकद मिळेल. ही फुंकणी म्हणजेच सुपरचार्जर. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. त्याचा भाऊ टर्बोचार्जर. तो धुराच्या नळीतून वाया जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर फिरतो. या टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची, 1905 सालची. 1921 मध्ये मर्सिडीज कंपनीनं सुपरचार्जर बसवलेल्या मोटारी लोकांपुढे आणल्या. त्यातल्या एकीचं नावच होतं 6/25/40. एरवी 25 अश्वशक्ती आणि फुंकणी चालू केली की 40!

लांब कशाला जायचं? आपल्या चाकणच्या कारखान्यात 2009 ते 2022 या काळात फोक्सवॅगनची पोलो ही छोटी गाडी तयार होत होती. 2020 मध्ये तिला दोन प्रकारची पेट्रोल इंजिनं मिळत. दोन्हीचं माप एकच, 999 सी.सी. साध्या इंजिनाची ताकद 76 अश्वशक्ती आणि टर्बोवाल्याची 110. आहे की नाही फुंकणीची कमाल?

आता आपल्या पिस्टनकडे वळू. माझा एक जुना विद्यार्थी आयटीआयमध्ये शिकत होता. त्याचे वडील 796 सी.सी.च्या जुन्या गाडीतून चाकणच्या कामगारांना जेवणाचे डबे पोचवायचे. मागे साठ-सत्तर डबे भरले की भोसरीचा उड्डाणपूल चढताना गाडी धापा टाकायची. पोरानं कुदळवाडीच्या भंगारातून एका यंत्राचा ब्लोअर मिळवला. पुली, पट्टा जमवला, पत्र्याची नळी वाकवली आणि रविवारी दिवसभर खपून तो गाडीला बसवला. हात अगदी कसबी! सोमवारी गाडी पूल चढली ती पळतच. वडिलांनी येताना पेढे आणले.

बुधवारी इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली, कुणी डब्यात खडे हलवावेत तशी. गुरुवारी मोशीजवळ गाडी बंद पडली, ती ढिम्म हलेना. डबे गाडीतच राहिले आणि साठ-सत्तर माणसं त्या दुपारी उपाशी राहिली. इंजिन उघडलं तर हा पिस्टन निघाला. दुरुस्तीला अकरा दिवस लागले. तेवढ्यात निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली.

चुकलं कुठे? तो स्वतःच मला सांगायला आला. "बाई, मी हवा वाढवली, पण त्या प्रमाणात पेट्रोल वाढवलंच नाही. शिवाय दाबलेली हवा तापते, हे मला पुस्तकात पाठ होतं, पण हाताला माहीत नव्हतं." हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की जाळ फार तापतो. तापलेलं मिश्रण ठिणगीची वाट न पाहता मधेच भडकतं. ती खडखड म्हणजे त्या धडाक्यांचा आवाज होता. इंजिन दोन दिवस ओरडून सांगत होतं, पण ऐकणाऱ्याला ती भाषा कळली नाही.

कारखान्यात म्हणूनच दाबलेली हवा आधी इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करतात. पेट्रोल किती सोडायचं ते संगणक मोजतो. खडखड ऐकायला इंजिनाला एक 'कान' म्हणजे सेन्सरही लावलेला असतो. मग ती इंजिनं तासन् तास चालवून तपासतात. अशा तपासण्या करणारी ए.आर.ए.आय. ही संस्था 1966 पासून आपल्या पुण्यात आहे आणि तिचं एक केंद्र चाकणलाही आहे. रस्त्यावरच्या गाडीत मनाला येईल तसा फेरफार करायला 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार बंदी आहे, हेही पालकांनी लक्षात ठेवावं. मग हौस असलेल्या मुलांनी काय करायचं? अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या 'फॉर्म्युला स्टुडंट' स्पर्धांत मुलं स्वतः शर्यतीची गाडी बनवतात. तिथे सुपरचार्जर किंवा टर्बो लावायला परवानगी असते. फक्त पेट्रोलच्या गाडीत हवा 20 मिलिमीटरच्या अरुंद भोकातूनच घ्यावी लागते. आहे ना डोकं चालवायची जागा?

तुम्ही अजून लहान आहात, म्हणून दोन सोपे प्रयोग करा.

1. सायकलच्या पंपाचं खालचं टोक आधी हाताला कसं लागतं ते बघा. मग चाकात तीसेक वेळा हवा भरा आणि त्याच टोकाला हळूच बोट लावा. दाबलेली हवा तापते म्हणजे काय, ते पुस्तकाशिवाय कळेल.

2. फुग्याचं तोंड दोन्ही हातांनी ताणून चालू टेबलफॅनसमोर धरा. (फॅनची जाळी मुळीच काढायची नाही!) फुगा फुगतो का? आता तोंडानं फुंकून बघा. फॅनकडे वारा भरपूर आहे, पण दाब नाही. गाडीत साधा पंखा बसवून तिची ताकद का वाढत नाही, त्याचं उत्तर या फुग्यात आहे.

तो विद्यार्थी आता एका कारखान्यात इंजिनं तपासण्याचंच काम करतो. पहिल्या पगारातून त्यानं वडिलांच्या गाडीचे टायर बदलले. पिस्टन मात्र परत मागितला नाही. म्हणाला, "वर्गातच असू दे बाई. मला जे अकरा दिवसांत कळलं, ते यांना एका तासात कळेल."

खरंय ना? मग सांगा बघू, ते भोक कशानं पडलं? नुसती 'हवा' म्हणालात, तर पाचच गुण. उरलेले पाच गुण खडखड न ऐकणाऱ्या कानांना!