रायफलची काडतुसं घरी भरता येतात का? रील बघून मशीन मागवण्याआधी हे वाचा

फेसबुक-इन्स्टाग्रामवर एक प्रकारचे व्हिडिओ हमखास समोर येतात. अमेरिकेतल्या कुठल्यातरी गॅरेजमध्ये एक काका टेबलावर बसवलेल्या छोट्या मशीनचा दांडा खाली ओढतात, वर नेतात आणि रिकाम्या पुंगळीचं पुन्हा चकचकीत काडतूस तयार होतं. खाली कमेंटमध्ये आपली मराठी पोरं विचारत असतात, "भाऊ, हे आपल्याकडं कुठं मिळेल?"

प्रश्न अगदीच हवेतला नाही. कळवणसारख्या तालुक्यात बिबट्या आणि रानडुक्कर हे रोजच्या बोलण्यातले विषय आहेत. काही घरांत आजोबा-वडिलांच्या काळापासून परवान्याची बंदूक आहे. काडतूस महाग, ते आणायला शहर गाठावं लागतं आणि वापरलेल्या पुंगळ्या घरात पडून असतात. मग वाटतं, त्याच पुन्हा भरल्या तर?

तर थेट उत्तर असं, की परवान्याशिवाय भारतात हे करता येत नाही. आणि इथं परवाना म्हणजे बंदूक बाळगण्याचा परवाना नव्हे. हा फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो न समजण्याची किंमत सात वर्षांची कैद असू शकते.

आधी काडतूस म्हणजे काय ते बघू

काडतुसाचे चार भाग असतात. बाहेरची पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोडा ओढला की बंदुकीतली पिन प्रायमरवर आदळते, ठिणगी पडते, दारू पेटते आणि त्या वायूच्या दाबानं गोळी नळीतून बाहेर पडते.

यात प्रायमर, दारू आणि गोळी खर्च होते. पुंगळी मात्र उरते. तीच काडतुसातला महागडा भाग, म्हणून परदेशात लोक ती साफ करून, पुन्हा मापात आणून भरतात. यालाच रीलोडिंग म्हणतात. अमेरिकेत तो रीतसर छंद आहे. पैसे वाचतात आणि आपल्या रायफलला नेमकं जुळणारं काडतूस बनवता येतं, ही त्यामागची दोन कारणं.

मग आपल्याकडं अडचण कुठं आहे?

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये. या कायद्याचं कलम ३ शस्त्र आणि दारूगोळा जवळ बाळगण्याबद्दल आहे, तर कलम ५ ते बनवण्याबद्दल. आपल्या घरातल्या बंदुकीचा परवाना कलम ३ मधला असतो. त्यावर कोणती बंदूक, एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची हे लिहिलेलं असतं. काडतूस तयार करण्याची मुभा त्यात नसते. त्यासाठी कलम ५ चा वेगळा परवाना लागतो आणि तो छंद म्हणून घरात काडतुसं भरण्यासाठी नसून उद्योगासाठी असतो.

आता खरी मेख बघा. कायद्यानं कलम २ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या केली आहे, तिच्यात फक्त तयार काडतूस येत नाही. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीही त्याच व्याख्येत बसवली आहे. म्हणजे रीलमधलं ते दांडा ओढायचं मशीन कायद्याच्या नजरेत साधं हत्यार-अवजार नाही, ते स्वतःच 'दारूगोळा' आहे. एकही काडतूस भरलं नाही तरी ते विनापरवाना घरात असणं अडचणीचं ठरू शकतं. ऑनलाइन दिसतं म्हणजे ते मागवणं कायदेशीर आहे, असं होत नाही.

शिक्षा किती?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर ती बरीच कडक झाली आहे. विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा बनवल्यास किमान सात वर्षं कैद, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते, शिवाय दंड. नुसता विनापरवाना दारूगोळा बाळगला तरी साधारणपणे दोन ते पाच वर्षांची कैद. "माझ्याकडं बंदुकीचं लायसन आहे" हा बनवण्याच्या गुन्ह्यावरचा बचाव नाही. आणि गुन्हा दाखल झाला की आहे तो परवानाही धोक्यात येतो.

मग आठवण म्हणून ठेवलेली रिकामी पुंगळी?

हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. कायद्याच्या कलम ४५ मध्ये एक सवलत आहे. शस्त्राचा किंवा दारूगोळ्याचा किरकोळ सुटा भाग जवळ असेल आणि तो बाकीच्या भागांना जोडून वापरायचा इरादा नसेल, तर तो गुन्हा धरत नाहीत. त्यामुळं शोकेसमधली जुनी पुंगळी ही एक गोष्ट झाली. पण त्याच पुंगळ्यांची पिशवी, शेजारी प्रायमर, दारूचा डबा आणि मशीन असेल तर इरादा वेगळा सांगायची गरजच उरत नाही.

"पण कोकणात तर लोक स्वतःच बार भरतात!"

बरोबर. कोकणात ठासणीच्या बंदुका आहेत. शेतीच्या रक्षणासाठी अशा बंदुकीचा परवाना द्यायची तरतूद याच कायद्यात आहे. त्या बंदुकीत काडतूस नसतंच. दर वेळी नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरतात. म्हणजे तिथं बार भरणं हा परवान्याची बंदूक वापरण्याचाच भाग आहे. रायफलचं काडतूस तयार करणं हे वेगळं काम आणि त्याचा नियमही वेगळा.

कायदा बाजूला ठेवला तरी धोका उरतोच

गाडीच्या टायरमध्ये आपण साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा भरतो. मोठ्या रायफलचं काडतूस उडतं तेव्हा नळीच्या मागच्या भागात ६० हजार पीएसआयच्या आसपास दाब तयार होतो. टायरच्या जवळपास दोन हजार पट, आणि तोही गालापासून वीतभर अंतरावर.

प्रत्येक दारूचा जळण्याचा वेग वेगळा असतो. दिसायला सारखी असलेली दुसरी दारू पडली किंवा चुकून दोनदा भरली गेली, तर दाब नळीला पेलत नाही. दारू कमी पडली तरी धोका आहेच. गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरी झाडली की नळी फुटते. फटाक्याची किंवा सुरुंगाची दारू वापरायचा 'जुगाड' तर थेट हात आणि डोळे गमावण्याचा रस्ता आहे.

हे काम कारखान्यात का होतं, ते यावरून कळेल. त्यातले मोठे कारखाने आपल्याच राज्यात आहेत. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा कारखाना खास लहान शस्त्रांची काडतुसं बनवतो. प्रशिक्षित माणसं आणि कडक नियम असूनही हा धंदा जोखमीचाच राहतो. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात किमान आठ जणांचा जीव गेला.

आणि कळवणकरांना तर घरचंच उदाहरण आठवत असेल. २०१६ च्या दसऱ्याला सप्तशृंगगडावर बोकडबळीच्या वेळी मानवंदनेची फैर झाडताना छर्रे लागून भाविक जखमी झाले. त्यानंतर गडावरच्या बोकडबळीवर बंदी आली आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली. फैर नेहमीची होती, प्रथा जुनी होती, तरी एका क्षणात अपघात झाला. तिथं घरी अंदाजानं भरलेल्या काडतुसाचा काय भरवसा?

मग नाद आहे, त्यानं काय करायचं?

नेमबाजी शिकायची. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेऊन आला. त्यानं नेमबाजीचे सुरुवातीचे धडे आपल्या नाशिकमध्येच गिरवले. गंमत म्हणजे या स्पर्धेत जे पॉइंट टू टू काडतूस वापरतात, ते पुन्हा भरतच नाहीत. त्याचा प्रायमर वेगळा नसतो, स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच असतं आणि एकदा ठोका बसला की ती कड चेपून जाते. म्हणजे ऑलिम्पिक पदकापर्यंतचा प्रवास एकही काडतूस घरी न भरता होतो.

सुरुवात १० मीटर एअर रायफलनं होते. ४.५ मिलीमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. तरीही ती रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच हातात घ्यावी.

घरात जुनी काडतुसं सापडली तर?

परवानाधारक वारले, परवान्याची मुदत संपली आणि कपाटात बंदूक-काडतुसं तशीच राहिली, असं अनेक घरांत घडतं. ती उघडून बघू नका, नदीत टाकू नका, कुणाला देऊनही टाकू नका. कायद्याच्या कलम २१ प्रमाणं ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायची असतात. जमा केल्याची पावती घ्या. पुढं वारसाला परवाना हवा असेल तर कळवणसारख्या ग्रामीण भागासाठी अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडं जातो, नाशिक शहरात तो पोलीस आयुक्तालयाकडं.

आणि ते रील? बघायला हरकत नाही. फक्त त्यातल्या काकांच्या गॅरेजला जो कायदा लागू आहे तो आपल्या पडवीला लागू नाही, एवढं ध्यानात ठेवा. आणि कमेंटमध्ये कुणी "कुठं मिळेल?" विचारलं, तर त्याला हे वाचायला पाठवा.