आंत्रपुच्छाचे श्लेष्मल विकार : निदान व शल्यचिकित्सा

आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेविषयी पुण्यात लिहावयाचे म्हणजे १९२४ सालच्या एका रात्रीचे स्मरण होतेच. येरवड्याच्या कारागृहात शिक्षा भोगीत असलेल्या महात्मा गांधींना तीव्र आंत्रपुच्छदाह झाला. १२ जानेवारी रोजी त्यांना ससून रुग्णालयात हलविण्यात आले व त्याच रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचा दिवा गेला आणि राहिलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. सकाळपर्यंत थांबण्यासारखा तो आजार नव्हे. दाहग्रस्त आंत्रपुच्छ फुटले की पू उदरात पसरतो.

याच अवयवाचा एक विरळा विकार स्वभावाने नेमका उलट आहे. तेथे विलंब घातक, येथे घाई.

रोकिटान्स्की यांनी १८४२ मध्ये वर्णिलेल्या या विकारात आंत्रपुच्छ चिकट श्लेष्म्याने भरून फुगते. काढलेल्या हजार आंत्रपुच्छांत तो दोन-तीन वेळाच आढळतो. पुष्कळ रुग्णांस काहीच त्रास नसतो. काहींस उजवीकडे ओटीपोटात दुखते आणि तो नेहमीचाच दाह समजला जातो. सोनोग्राफीत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसले, आंत्रपुच्छाचा व्यास १५ मिलिमीटरहून अधिक भरला, किंवा सी. टी. स्कॅनमध्ये त्याच्या भित्तीत कॅल्शियमची वक्र रेषा आढळली, तर संशय धरावा. सुई घालून आतील द्रव तपासण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

याचे कारण असे की, त्या श्लेष्म्याबरोबर तो निर्माण करणाऱ्या पेशीही असू शकतात. पिशवी फुटली की त्या उदरावरणावर रुजतात, श्लेष्मा स्रवतच राहतात आणि काही वर्षांनी सारे उदर त्याने भरते. या अवस्थेस वेर्थ यांनी १८८४ मध्ये ‘स्यूडोमिक्झोमा पेरिटोनाय’ हे नाव दिले, तेव्हा दृष्टी बीजकोशाच्या अर्बुदावर होती; आंत्रपुच्छाशी संबंध १९०१ मध्ये फ्रँकेल यांनी दाखविला. पुढे शुगरबेकर यांनी रूढ केलेल्या पद्धतीने बाधित उदरावरण सोलून काढून ४१ ते ४३ अंश सेल्सिअस तापलेले औषध उदरात फिरवितात. कित्येक तासांची ही शस्त्रक्रिया रुग्णास मोठी जड जाते, आणि क्वचित तिचे मूळ चिमट्याच्या एका बेसावध दाबात असते.

म्हणून आंत्रपुच्छ अखंड काढावे. दुर्बिणीतून काढल्यास पिशवीत घालूनच बाहेर आणावे. बुडखा निरोगी असावा. मंद प्रतीचे अर्बुद आंत्रपुच्छापुरतेच असेल व कडा स्वच्छ असतील, तर उजवे बृहदांत्र काढण्याचे सहसा प्रयोजन नसते. विकृतिशास्त्रज्ञाने नमुना दोन-तीन छेदांवर न सोडता संपूर्ण तपासावा, कारण भित्तीबाहेर पेशी आहेत की नाहीत यावरच पुढील सर्व ठरते.

रात्रीच्या तातडीच्या शस्त्रक्रियेत असे आंत्रपुच्छ अवचित हाती लागले, तर ते न फोडता काढावे, बाहेर श्लेष्मा असल्यास त्याचा नमुना घ्यावा, उदर व स्त्रीरुग्णाचे बीजकोश पाहून नोंद करावी आणि उदर मिटावे. मोठ्या छेदनाचा निर्णय प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबू शकतो.